घुमटाचा रंग

— तिथून नको, त्या बाजूला अजून वायरी लोंबतायत. इकडून ये. हं — आणि खुर्च्यांना हात लावू नकोस, पॉलिश ओलं आहे. तू मराठी आहेस हे मला बाहेरच कळलं, आईशी फोनवर बोलत होतीस ना — ‘जेवले गं’ म्हणालीस, आणि हातात नुसती कॉफी. असू दे. आयांना तेच सांगायचं असतं. नेत्रा ना? बॅजवर वाचलं. पुण्याची? — सोलापूरची, बरं. मी नागपूरचा, पण अमेरिकेत येऊन एकतीस वर्षं झाली, आता इथल्या पिस्कॅटवेचाच म्हण. आणि मला काका म्हण, चालेल. दर शनिवारी येतो म्हणून इथे मला सगळे ‘सॅटर्डे गाय’ म्हणतात, त्यापेक्षा काका बरं. बस त्या स्टुलावर. लिफ्टवाला लंचला गेलाय, तो आल्याशिवाय मचाणावर जाऊ देत नाहीत, अर्धा तास तरी धर.

वर बघतेयस. सगळे आधी वरच बघतात. आत्ता मचाणातून तुकडे तुकडे दिसतात, सोमवारी मचाण उतरलं की अख्खा घुमट दिसेल — म्हणजे तू आज सही केलीस तर. नऊ मेला उद्घाटन आहे, पत्रिका छापून झाल्या. हे मुळात नाटकाचं थिएटर, तुला माहीतच असेल, शंभर वर्षांपूर्वीचं — गाणारे, नकला करणारे, जादूगार, सगळे इथे यायचे. मग बोलपट आले, मालकानं स्टेजवर पडदा टांगला, झालं सिनेमाघर. पुढे एवढी उंच जागा हिवाळ्यात गरम ठेवणं जमेना म्हणून घुमटाच्या खाली सपाट सीलिंग ठोकलं — ऑफिसात असतं ना, पांढऱ्या चौकोनांचं, तसलं. साठ वर्षं घुमट त्याच्यावर अंधारात. खाली लोक पॉपकॉर्न खातायत, वर घुमट आहे याचा कुणाला पत्ता नाही. आम्हालाही नव्हता. आम्ही इथे सिनेमे बघितलेत ना — हो, हिंदी. पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराला रविवारी सकाळी एक गुजराती माणूस हॉल भाड्यानं घ्यायचा, लॉबीत त्याची बायको समोसे विकायची, समोसे सिनेमापेक्षा बरे असायचे. एकदा काय झालं — प्रोजेक्टर चालवणारा अमेरिकन, डब्यांवर नंबर हिंदीत — त्यानं सातवं रीळ पाचव्याच्या आधी लावलं. हिरो मेला. आई रडली, चिता पेटली, आणि पुढच्या मिनिटाला हिरो बागेत गाणं म्हणतोय! कुणी उठलं का? कुणी नाही. माझ्या शेजारचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले, अगं फ्लॅशबॅक आहे. दोनशे माणसं बसून राहिली. सिनेमा बघायला कोण येत होतं — आपलं कुणी दिसावं म्हणून यायचो.

तेव्हा ती लहान होती, आमची मुलगी. तिला हिंदी कळायचं नाही, इंटरव्हलच्या आधीच झोपायची, दोन खुर्च्यांवर आडवी, डोकं पद्मिनीच्या मांडीवर — पद्मिनी म्हणजे माझी बायको. झोपायच्या आधी सीलिंगचे चौकोन मोजायची, इंग्लिशमध्ये. शंभराच्या पुढे कधी गेली नाही. मग एकदम — चार वर्षांपूर्वी — फोन. बाबा, गेस व्हेअर आय अ‍ॅम. हेल्मेट घालून ती त्या चौकोनांच्या वर गेलेली. म्हणाली, देअर इज अ स्काय अप हिअर.

हो. बरोबर. तुझ्या कागदांवर आहे ते नाव, जे. रामटेके. जागृती. माझ्या बॅजवर नुसतं विवेक आहे, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही कुणाच्या. — नाही, बस, बस. उठायचं काय कारण? मला माहीत आहे तुला तिच्या जागेवर घेतलं ते. कुणाला तरी घेणारच. त्यात तुझं काही नाही. ऑक्टोबरमध्ये, एकोणीस तारखेला. रूट अठरा हायवेवर, गाडीत. शनिवार सकाळ होती, पाऊस नाही, धुकं नाही, काही नाही. आता लोक मला विचारतात, हाऊ आर यू होल्डिंग अप, तर मी म्हणतो ओके, आणि ते खरंच आहे — ऑफिसला जातो, जेवतो, झोप लागते. मला वाटलं होतं झोप लागणार नाही. लागते. पद्मिनीला त्याचा राग येतो, ती जागी असते ना.

तर रंग. रंग तिनं शोधला. काजळी, सिगारेटचा धूर, त्याखाली दोन थर, त्याखाली मूळचा. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा — तुला मी काय सांगतोय, तुझंच काम. तिनं मला दाखवलं होतं एकदा, मला आपले नुसते पट्टे दिसले. तळाला हिरवट. शेवाळी म्हण. तिनं नंबर काढून दिला, त्या नंबरचा रंग बनवून आणला, आणि ती गेल्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी तो वर लावला. इथली माणसं चांगली आहेत, म्हणाली आपण रंगाला तिचं नाव देऊ. त्या कोपऱ्यात डबे आहेत बघ — जागृती ग्रीन. छापील लेबल. पद्मिनीनं माझ्याकडून डब्याचं झाकण मागवून घेतलं, ते घेऊन ओक ट्री रोडवर साड्यांची चार दुकानं फिरली, आणि अगदी त्याच रंगाची साडी आणली. नऊ तारखेला नेसायची म्हणून. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती घराबाहेर पडली ती त्या साडीसाठी.

तू आज वर जाऊन काय करशील? रंगाचं कार्ड लावून बघशील, लावलेला रंग स्पेकशी, म्हणजे तिनं दिलेल्या नंबराशी, मॅच होतो का. होईल. शंभर टक्के होईल. मी चोवीस वर्षं फार्मामध्ये क्वालिटीत आहे, गोळ्यांच्या बॅचचे कागद वाचतो आणि सही करतो. मला हे कळतं. बॅच स्पेकशी मॅच होते, ठीकच असतं सगळं — पण स्पेकच चुकलेलं असेल तर?

नाही, मी आपलं बोलतोय.

नाही — थांब. सांगतो. तेलरंग अंधारात राहिला की पिवळा पडतो, हो ना? उजेडात ठेवला की हळूहळू तो पिवळेपणा जातो. हे मला तिनंच शिकवलं. साठ वर्षं अंधारात राहिलेला रंग, तो आधी उजेडात ठेवायचा, महिना, दोन महिने, आणि मग नंबर काढायचा. तिनं दोन आठवडे ठेवला. माहीत होतं तिला, माहीत नव्हतं असं नाही — पण कॉन्ट्रॅक्टरला ऑर्डर द्यायची होती, रोज ईमेल, रोज फोन, जुलैत दिला तिनं नंबर. आणि त्यातला एक तुकडा, नखाएवढा, आमच्या किचनच्या खिडकीत राहिला. दर गुरुवारी जेवायला यायची ती, कधीतरी पर्समधून काढून ठेवला असेल आणि विसरली. पूर्वेची खिडकी आहे, सकाळी भरपूर ऊन. मी रोज चहा करताना बघायचो. ऑगस्टमध्येच मी तिला म्हणालो, जागू, हा निळा दिसतोय. तर हसायला लागली. बाबा, टू यू एव्हरीथिंग इज ब्लू. आमच्याकडे ते चालायचंच — चौदा एप्रिलला घरात निळे झेंडे, माझा शर्ट निळा, गाडी निळी, तिच्या लहानपणी मी तिला पावसाळी कोटसुद्धा निळाच आणला होता आणि तिला गुलाबी हवा होता. त्यामुळे तिनं तिकडे बघितलंच नाही. मीही मग म्हटलं, असेल, आपल्यालाच दिसत असेल.

सतरा ऑक्टोबर, गुरुवार. भांडी विसळत होती, हात पुसला आणि तुकडा उचलला. बराच वेळ बघितला. मग नळ बंद केला. म्हणाली, इट्स ब्लू. हिरवा नव्हताच कधी, बाबा — निळ्यावर पिवळं चढलं म्हणून हिरवा दिसला. ते आकाश होतं. संध्याकाळचं असतं तसं, फिकट, जरा राखेकडे झुकलेलं. लगेच लॅपटॉप काढला, ईमेल लिहायला लागली, की माझा नंबर चुकला, थांबवा. तेव्हा वर काहीच लावलेलं नव्हतं, डबे नुसते येऊन पडले होते.

मी म्हणालो, राहू दे.

काय करू, म्हणालो तसं. म्हणालो, हिरवा चांगला दिसतोय, नमुना सगळ्यांना आवडलाय, शंभर वर्षांपूर्वी काय होतं ते बघायला कोण येणार आहे? म्हणालो, आपण इथे आपल्या तोंडानं पहिल्यांदा चूक झाली म्हणायचं नसतं. तू अजून ज्युनियर आहेस, तुझं नाव वेगळं आहे, लक्षात राहतं लोकांच्या. वीकेंड जाऊ दे, सोमवारी शांतपणे बघू. ती टाइप करायची थांबली. मग म्हणाली — यू ऑफ ऑल पीपल. मी क्वालिटीत आहे ना. बॅचमध्ये काही झालं की चोवीस तासांत लिहून द्यायचं, हे मी तिला लहानपणापासून जेवताना सांगत आलोय. पण तिनं लॅपटॉप मिटला. माझं ऐकलं. तशी ती माझं ऐकायची नाही फारसं. निघताना म्हणाली, मंडे, ओके? पण मंडे नक्की. मी म्हणालो नक्की.

मग शनिवार.

त्यानंतर इथल्या ऑफिसातून एक बाई आली, तिच्या वह्या, लॅपटॉप मागायला. दिलं सगळं. तुकडा दिला नाही. तिनं विचारला नाही, कुणाला माहीतच नव्हतं. म्हटलं, सांगू, दिवस होऊ देत. मग तिचं पुण्यानुमोदन झालं, हॉलमध्ये एकेक जण उठून तिच्या रंगाबद्दल बोलले, प्लेनोहून माझा भाऊ आला होता, तोही बोलला. मग लेबलं छापून आली. मग रंग लागायला सुरुवात झाली, तेव्हा मी इथे व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं. लोकांना वाटलं, बाप आहे, मुलीच्या कामाजवळ बसावंसं वाटत असेल. मी काय करत होतो? बघत होतो. खुर्च्यांचे पितळी नंबर घासत वर बघत होतो, आज एवढा झाला, आज एवढा झाला. दर शनिवारी सांगायचं म्हणून यायचो. कुणाला सांगायचं? सांगितलं की ते म्हणणार, तिनं चूक केली. ती तर नाही सांगायला, की मी पकडली होती, मी लिहायला बसले होते. मला उठून म्हणावं लागणार की तिनं पकडली आणि मी थांबवली.

पद्मिनीला नाही माहीत. त्या रात्री ती वर होती, देवा— आपलं हे, वंदनेला बसली होती. आम्ही हळू बोलत होतो.

हे घे. खोकल्याच्या गोळ्यांची डबी आहे, कापसात ठेवलाय. पाच शनिवार खिशात घेऊन येतोय, सुमंतला द्यावा म्हणून, तो इथल्या कमिटीवर आहे. पण सुमंत आला की मिठीच मारतो, मग काही बोलता येत नाही. उघड. खिडकीपाशी नेऊन बघ. माझ्याकडे बघू नकोस, त्याच्याकडे बघ. — काय दिसतं?

हं.

माझ्या शब्दावर जाऊ नकोस. वर पूर्वेच्या बाजूला तिनं तळहाताएवढा भाग मूळचा ठेवलाय, रंग न लावता, पुढे कुणाला तपासायचं असलं तर म्हणून. अजून हिरवाच दिसेल तो, मचाणाच्या सावलीत आहे. त्यातला कण घे, दिव्याखाली ठेव, पूर्ण महिना-दोन महिने ठेव, घाई करू नकोस. आणि तारीख लिहून ठेव — सतरा ऑक्टोबर, जे. रामटेके यांनी चूक स्वतः शोधली. तसंच लिही. पुढे लिही, कळवायला उशीर वडिलांमुळे झाला. विवेक रामटेके. विवेकचं स्पेलिंग बॅजवर आहे, रामटेकेचं तुझ्या कागदांवर.

मला माहीत आहे नऊ मे जाईल. मला माहीत आहे घुमट परत रंगवावा लागेल, का तसाच ठेवतील ते त्यांचं त्यांनी ठरवावं, त्यात मी काही बोलणार नाही. नाही, निळ्याला तिचं नाव नको. विचारतील ते, चांगली माणसं आहेत, नक्की विचारतील. नको म्हणून सांग. नुसता नंबर द्या. बरोबर नंबर द्या.

तू कशाला रडतेस? तू तिला ओळखतही नव्हतीस.

फोन करतेस? कर. आत रेंज येत नाही, बाहेर जा, तिकीटखिडकीपाशी लागतो. मी नाही येत. मला नाही ऐकायचं ते काय म्हणतात. पद्मिनीला मी सांगेन, आज घरी गेल्यावर, ते तू नको बघू. जा — तो लिफ्टवाला आला बघ, त्याला म्हणावं आता घाई नाही. आणि जाताना दार ओढून घे, ते आपोआप लागत नाही.