रिकामी घंटा

भाची : ‘आले गं राणी, आले!’ असा तुझा आवाज यायचा स्वयंपाकघरातून. मी तापानं फणफणलेली, याच खोलीत. तू यायच्या आधीच माझं रडं थांबायचं. आठवतं?

आत्या : न आठवायला काय झालं? हात पिठात आणि जीव तुझ्यात.

भाची : मग आता मी काय वेगळं करते? तू घंटा वाजवलीस की पलीकडून ओरडते, ‘आले गं आत्या!’ तरी तू पुन्हा वाजवतेस. परत वाजवतेस. हातातलं टाकून धावत यावं तर म्हणतेस...

आत्या : ‘काही नाही.’

भाची : काही नाही! अगं, काही नाही तर घंटा कशाला?

आत्या : बोट लागत असेल. म्हातारं बोट, त्याला कुठली अक्कल?

(दुपार. पलंगाच्या कठड्याला बुटाच्या नाडीनं बांधलेलं घंटेचं बटण. पायथ्याशी टेबल ओढून भाचीनं लॅपटॉप आणि उघड्या यंत्राची सर्किटपाटी मांडली आहे. फोन स्पीकरवर; पलीकडे तिच्या कामातला सोबती, सर्किटवाला.)

भाची : म्हणून आज दुकानच तुझ्या पायाशी थाटलंय. वाजव हवं तेवढं.

आत्या : बरं दिसतंय. खुब्याचं हाड मोडलं म्हणून तरी घरातलं माणूस घरात दिसलं.

भाची : टोमणा पोचला.

आत्या : पोचावा म्हणूनच मारला. हे काय पसरलंयस? पोट फाडलेला रेडिओ?

भाची : रुग्णाच्या उशाशी ठेवायचं यंत्र आहे. श्वास मोजतं, नाडी मोजतं. काही बिनसलं की नर्सला बोलावतं. यातल्या चिपांशी बोलणारा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याला. तो मी लिहिलाय. आज पाच वाजेपर्यंत द्यायचाय.

आत्या : पाचला तर दादा यायचाय.

भाची : तुला कुणी सांगितलं?

आत्या : सांगायला कशाला हवं? जिला धड उभं राहता येत नाही तिला भाचा नव्या चपला आणून देतो, तेव्हा तिला कुठंतरी न्यायचं असतं, एवढं कळतं मला. पिशवी भरून ठेवलीय. पलंगाखाली बघ.

भाची : आत्या, आज नुसतं बघून यायचंय. आवडलं तरच...

आत्या : नावडायला काय झालं? त्या वृद्धाश्रमात म्हणे खिडकीत झाडं आहेत. सगळ्या म्हाताऱ्या एका रांगेत, बरणीत लोणचं घातल्यासारख्या.

भाची : असं नको ना बोलू. दादाचं म्हणणं एवढंच, की घंटेला काही कारण असतं तर आपण इलाज केला असता. कारणच नाही, म्हणजे...

आत्या : म्हणजे डोकं. म्हण की.

भाची : मी नाही तसं म्हटलं.

आत्या : नाही म्हटलंस. पण त्याला ‘नाही’ असंही म्हटलं नाहीस.

सर्किटवाला : हॅलो? कुणी जिवंत आहे का तिकडं? परत आली बघ रिकामी घंटा. धो धो येतायत.

भाची : बघतेय रे. माझ्याकडं पण नोंदींचा लॉग वाहून चाललाय.

आत्या : काय म्हणतोय तो?

भाची : म्हणतोय, रिकाम्या घंटा येतायत.

आत्या : त्यालाही म्हातारी आत्या आहे का?

भाची : (फोनकडे) हसू नकोस रे तू! (आत्याला) अगं, यंत्रातलं बोलतोय तो. हे बघ, या तीन चिपा. तिघींत मिळून एकच तार. कुणालाही काही सांगायचं असेल तर ती तार ओढायची, म्हणजे आत घंटा होते. इंटरप्ट म्हणतात. घंटा झाली की कर्नल, म्हणजे या यंत्राचा कारभारी, हातातलं काम सोडतो आणि ड्रायव्हरांना विचारतो, ‘कुणाची रे घंटा?’

आत्या : तीन बिऱ्हाडं, एक दारघंटा.

भाची : अगदी. मग माझा ड्रायव्हर आपल्या चिपेला विचारतो, ‘तू वाजवलीस का?’ ती म्हणाली ‘हो’, की काम करायचं. म्हणाली ‘नाही’, की कारभाऱ्याला सांगायचं, ‘माझी नव्हे.’ आता होतंय असं, की घंटा वाजते आणि तिघीही म्हणतात, ‘माझी नव्हे.’

आत्या : मग वाजवलं कुणी?

भाची : तेच तर चार दिवस शोधतेय. आणि असं फार वेळा झालं ना, की कारभारी चिडतो. ती तारच बंद करतो. पडद्यावर लिहितो, ‘कुणालाच पर्वा नाही.’

आत्या : असं लिहितो? खरंच?

भाची : अगदी असंच. मग त्या तारेवर खरी घंटा आली, एखाद्याचा श्वास अडकला, तरी वेळेवर ऐकायला कुणी नाही.

आत्या : वाईट आहे मेला तुझा कारभारी.

सर्किटवाला : अगं, मी काय म्हणतो, पाचला द्यायचंय. तू ड्रायव्हरला सरसकट ‘माझीच’ म्हणायला लाव ना. कुणाचीही घंटा असो, ‘माझीच, ऐकली, झालं काम.’ कारभारी खूश, लॉग शांत, आपण घरी.

भाची : काल रात्री तेच करून पाहिलं मी.

सर्किटवाला : मग? झालं ना शांत?

भाची : झालं. आणि मला झोप लागली नाही.

सर्किटवाला : तुझं हे असं असतं. गाडी चालली तरी तू इंजिनाला कान लावून बसणार.

भाची : अरे, घंटा बंद नाही ना झाली! आपण फक्त हो ला हो केलं. ती पोरगी बोंबलतेच आहे आणि आपण म्हणतोय, ‘ऐकलं हं, ऐकलं.’ तिला काय हवंय ते विचारलंच नाही.

सर्किटवाला : तिला काही नकोय! विचारलं तर म्हणते ‘काही नाही’. चिपच वेडी असेल. बदलून टाकू, नवी लावू.

आत्या : आता काय म्हणाला?

भाची : काही नाही गं, आत्या.

आत्या : बघ. तूही म्हणतेसच की ‘काही नाही’. तुझा हा फोन फुटका आहे. नुसता खरखरतो. तोंड इकडं करून सांग.

भाची : म्हणतोय, चिप वेडी आहे. काढून टाकू.

आत्या : अच्छा.

भाची : आत्या...

आत्या : नाही गं, मी आपलं चिपेबद्दलच म्हणतेय. घरात गाण्याला बंदी नाही ना?

भाची : म्हण की.

आत्या :
हाक दिली मी सयेला, ओ का तिची येईना,
उभी दारात माझी सई, मला चाहूल लागेना.

भाची : ही ओवी कुठली? कधी ऐकली नाही तुझ्याकडून.

आत्या : नवीन आहे. पडल्या पडल्या होतात. पाय चालत नाही तर जीभ चालते.

भाची : ए, ऐक रे. चिप बदलायच्या आधी एक कर. तुझं ते लहरी दाखवणारं यंत्र आहे ना, त्याचं टोक त्या तारेला लाव. आणि मी माझ्या उत्तराच्या जागी एक खूण घालते. तार नेमकी कधी सुटते ते मला बघायचंय. घंटा कधी सुरू होते ते सगळ्यांनी पाहिलं. थांबते कधी, ते कुणी पाहिलंच नाही.

सर्किटवाला : लावतो. पण पाचला मी निघणार हं. बायकोनं आज धमकी दिलीय.

भाची : तिच्या घंटेला बरी ओ देतोस.

सर्किटवाला : तिथं कारभारीच ती आहे.

आत्या : राणी, दादा तापट आहे पण वाईट नाही. त्याच्याशी भांडू नकोस माझ्यावरून. तू कामाचं माणूस. दर घटकेला उठवते मी तुला. मला कळत नाही का? काल तू दारात आलीस तेव्हा तुझे डोळे कसे होते ते पाहिलं मी.

भाची : मी चिडले होते. चुकलंच माझं.

आत्या : चिडलेली बरी. दमलेली होतीस. ते बघवेना, म्हणून म्हटलं, ‘काही नाही.’

सर्किटवाला : अगं ए! बघितलंस का? चित्र पाठवलंय.

भाची : उघडतेय. थांब. ही तार ओढली. हे माझं उत्तर, ‘ऐकलं, सोड’. इथं माझा ड्रायव्हर निघून गेला... आणि तार अजून ओढलेलीच?

सर्किटवाला : अजून ओढलेलीच. तू निघून गेल्यावर बऱ्याच वेळानं सुटतेय. म्हणजे आपल्या हिशेबानं बराच. खरं तर डोळ्याची पापणीही लवणार नाही एवढाच.

भाची : अरे देवा. उत्तर पोचलेलंच नाही.

सर्किटवाला : म्हणजे?

भाची : मी चिपेला ‘ऐकलं’ म्हणून लिहिते. पण ते थेट जात नाही ना! मध्ये तुमचा तो निरोप पोचवणारा पूल आहे, तिथं रांगेत थांबतं. मी टपालपेटीत टाकलं आणि समजले, पोचलं. पाठ फिरवली. तिला अजून काही कळलेलंच नाही, म्हणून ती तार धरून उभी. कारभारी म्हणतो, परत घंटा! मी परत जाते. तोवर माझं पहिलं उत्तर पोचलेलं असतं, तिनं तार सोडलेली असते. मी विचारते, ‘तू वाजवलीस?’ ती म्हणते...

सर्किटवाला : ‘काही नाही.’

भाची : ‘काही नाही’! वेडी नाहीये रे ती. खोटंही बोलत नाही. तिची एकही घंटा रिकामी नव्हती.

सर्किटवाला : आणि आपण तिला उपटून टाकणार होतो. बरं, आता?

भाची : एक ओळ. उत्तर लिहिलं, की लगेच तीच जागा एकदा वाचायची. आधीचं लिहिलेलं पोचल्याशिवाय वाचलेलं परत येत नाही. म्हणजे ‘ऐकलं’ म्हणायचं आणि तिच्या कानावर पडेपर्यंत दारात उभं राहायचं. मगच निघायचं. पाठवलं. चालव.

सर्किटवाला : चालवतो. ... अजून काही नाही. ... अगं, काहीच नाही! खरी घंटा येते तेवढीच. आणि ‘माझीच’ वगैरे खोटं न बोलता.

भाची : ते ‘माझीच’ कालच काढून टाकलंय मी.

सर्किटवाला : तू ना, बाई... जाऊ दे. आत्यांना नमस्कार सांग. सुटलो आपण. ठेवतो.

आत्या : काय झालं गं? तोंड उजळलं तुझं.

भाची : सापडलं, आत्या! ती चिप विनाकारण वाजवत नव्हती. मी तिला ओ देत होते, पण माझी ओ तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून ती पुन्हा वाजवायची. आणि मी पोचेपर्यंत तिचं काम झालेलं असायचं.

आत्या : आणि तुम्ही तिला वेडी ठरवलीत.

भाची : हो ना. तारच कापणार होतो बिचारीची.

आत्या : तिनं सांगायचं ना मग, की बाई, तुझी ओ येत नाही मला.

भाची : तिला कुठं बोलता येतं, आत्या? तिला फक्त घंटा वाजवता येते.

आत्या : हं.

भाची : थांब, दादाचा मेसेज आहे. खाली गाडी लावतोय. ... आत्या? पिशवी कशाला ओढतेस? राहू दे ना ती. वाकू नकोस अशी.

आत्या : बस इथं. समोर बस, असं तोंड दिसेल अशी.

भाची : बसले. काय झालं?

आत्या : ती चिप मुकी. मला तर बोलता येतं.

भाची : म्हणजे?

आत्या : डोळ्यांना चष्मा झाला, पायाला काठी झाली. म्हटलं, आता आणखी एक गेलं म्हणून सांगितलं, तर ही पोरं माझ्यात शिल्लक काय आहे तेच मोजायला बसतील. म्हणून गप्प राहिले. डोकं गेलं म्हणालात, तेही चालवून घेतलं.

भाची : आत्या, अगं, काय गेलं? सांग ना.

आत्या : तुझं ‘आले’ मला ऐकू येत नाही गं, राणी. घंटा वाजवते, आणि भिंतीकडं बघत त्याची वाट पाहते.