गिरीशकाकांच्या बोटीचा रंग

सन्माननीय अध्यक्ष संजीवकाका, प्रमुख पाहुण्या पद्मजामावशी, ज्यांना आपण आज निरोप देतोय ते गिरीशकाका, मालिनीकाकू, आणि बर्फ तुडवत नेपरव्हिलला आलेल्या मंडळींनो,

मी सातवी नापास. एका गावात टिकणारा माणूसही नव्हे. तरी काकांनी मला कामावर ठेवलं, काकूंनी जेवू घातलं.

काका इंग्लंडात शिकले. तिथल्यासारखी लांबट, अरुंद लोखंडी बोट त्यांनी इथल्या कालव्यात ठेवली. तिचा रंग सांभाळणं माझं काम. दोर घासतो तिथे पितळी पट्टी ठोकायची, धक्का लागतो तिथे दोराचे जाड फेंडर टांगायचे.

मागच्या उन्हाळ्यात काकांचे धाकटे भाऊ विनयकाका बोटीवरून पडले, हे आपण जाणताच. काकांनी दोर टाकला. त्यांनी तो धरलाही. मग दोर हलका वर आला, विनयकाका नाही.

तो फेकायला हवा होता. पण आपण फेकतो कुठे? प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा धुऊन वाळत घालतो! काकूंनी दोऱ्या विणून केलेली मॅक्रमेची शिंकाळी तुमच्या सगळ्यांच्या घरी आहेत. काकू म्हणाल्या, "कोरा दोर आहे रे," आणि त्याचाच फेंडर विणला.

तेव्हापासून रंग टिकत नाही. फेंडर मी काठाकडे टांगतो, दुसऱ्या दिवशी तो पाण्याकडे लोंबत असतो. ओला. त्याखालचा रंग लोखंडापर्यंत गेलेला. आता तर कालवा गोठलाय. फेंडर ओलाच.

परवा भर दुपारी तो माझ्यादेखत खाली ताणला गेला. मी धरला. बर्फाखालून ओढ आली, आणि कुणीतरी अगदी हळू विचारलं, "दादा?"

मी "नाही" म्हटलं. ओढ सैल पडली.

विनयकाका पडले त्या दिवसापासून काका बोटीवर आलेले नाहीत. काल मला किल्ली देऊन म्हणाले, "बोट तुझी. आम्ही चाललो फ्रीमाँटला, लेकाकडे, राजीवकडे."

"एकदा बोटीवर याल का, काका?"

"कशाला यार? डबल कोट मार!"

काका, मारून झाला. एकटे असलात की तुम्ही विषय बदलता, म्हणून भरल्या हॉलमध्ये विचारतोय. उद्याचं विमान संध्याकाळचं आहे. सकाळी माझ्याबरोबर चला. तो दोर मी कापणार नाही, ओढणारही नाही. विनयकाकांनी मला विचारलेलंच नाही. 'आलो' म्हणायचं की 'सोड' म्हणायचं, ते भावानंच सांगावं.

मंडळानं मला बोलू दिलं, फार आभारी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात भलतंच बोललो असेन, तर अडाणी पोर समजून पोटात घाला.

काकू, तुम्ही रडू नका. काका उठतायत.