शहागडच्या गाडीतलं जुनं इंग्रजी

…आणि तुम्हाला सांगतो, चिडायचा हक्कसुद्धा मला राहिलेला नाही. तासभर झाला आपण सगळे या गाडीत बसलोय, तिकडे शहागडला साडेबाराला रायभानच्या मुलीचं लग्न, तो पत्रिका देताना म्हणाला, "सर, तुम्ही आल्याबिगर अक्षता न्हाई", आणि आपली ही एसटी अजून जालन्याच्या स्टँडवरच. रायभान कोण? माझं चुकत असेल, पण मला मिळालेला एकुलता एक विद्यार्थी.

चौऱ्याऐंशी साल. मी कॉलेजात तीन-चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी शिकवायचो, विषय घेणारा एकटा रायभान, त्यानं सोडला की विषय बंद, आणि त्याची गावची गाडी नेमकी तासाच्या मधेच सुटायची. मग काय करता? मीच पुस्तक घेऊन गाडीत. अंबडपर्यंत तास, तिथून मिळेल त्या गाडीनं जालन्यात मस्तगडला परत.

त्या जुन्या इंग्रजीत एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहीत, आणि 'स' असा काढत की 'फ' वाटावा. रायभान 'सिस्टर'ला खणखणीत 'फिफ्टर' वाचायचा. शेजारच्या सीटवरच्या सुगंधाबाई मांडीवरच्या टोपलीसकट कळवळायच्या, "मास्तर, कशाला तरास देऊन राह्यले लेकराला? जीभ जड हाय त्याची."

आणि कंडक्टर भुजंग. तिकिटं फाडताना कान आमच्याकडे. एकदा म्हणाला, "सर, ते अनॉन म्हंजे काय हो?" मी म्हटलं, आधी 'आत्ता लगेच', पुढे त्याचंच झालं 'थोड्या वेळानं'. कसं झालं, ते मात्र मला नीट सांगता आलं नाही… माझं चुकतही असेल. पण त्याला शब्द आवडला. गाडी कधी सुटणार विचारलं की, "अनॉन." हळूहळू सगळा स्टँड म्हणायला लागला.

रायभान पास झाला. पुढल्या वर्षी कोणी आलंच नाही, विषय बंद. सुगंधाबाई गेल्या, भुजंग रिटायर झाला, त्या पुस्तकाची पानं आता हात लावला की तुटतात… आणि मघाशी या नव्या कंडक्टरला विचारलं, बाळा, गाडी कधी? चहा फुंकत म्हणाला, "अनॉन, बाबा."

आता तक्रार कोणाकडे करू?

तेवढ्यात मुलानं घेऊन दिलेला हा मोबाइल वाजला. रायभान. "सर, कधी पोचता?" खोटं कसं बोलू? म्हणालो, "अनॉन."

तो म्हणाला, "मंग अक्षता टाकून घेतो, सर."

अर्थ त्याला बरोबर लागला. माझं शिकवणं चुकलं नसावं.