प्रश्नाच्या शेवटचा ‘ना’

मंडळी, आवाज मागपर्यंत येतोय ना?

बघा, सगळे ‘हो’ म्हणालात! त्या शेवटच्या खांबाजवळचे बाबासुद्धा म्हणाले. अहो बाबा, तुमच्या डोक्यावरचा कर्णा दुपारपासून मुका आहे, मंडपवाल्यानंच सांगितलं मला. मग ‘हो’ कशाला? शेजारचा म्हणाला म्हणून! हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

आजच्या कीर्तनाचा प्रश्न एवढाच: आपण लेकरांना विचारतो, ते त्यांचं ऐकायला, की आपल्याला बरं वाटावं म्हणून?

तर ऐका. पिंपळदर नावाचं गाव. तिथं तुळशीराम खैरनारांची पिठाची गिरणी. टोपी पांढरी, भुवया पांढऱ्या, मन त्याहून पांढरं. पीठ कुठं संपतं आणि माणूस कुठं सुरू होतो, कळू नये! त्यांची एकुलती एक लेक हर्षाली. बारावीला पोरीनं नाव काढलं आणि शहरात इंजिनिअरिंगला लागली. त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. दळण घेऊन आलेल्या बाया विचारायच्या, इंजिनेरबाई काय म्हणतात? तुळशीराम म्हणायचे, एकदम मजेत.

आता त्या गावात वीज यायची संध्याकाळी. म्हणजे गिरणी तेव्हाच, आणि कॉलेज सुटल्यावर लेकीला फोनही तेव्हाच. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात पट्ट्याची घरघर. ‘जेवलीस ना?’ हो. ‘अभ्यास चाललाय ना?’ हो. ‘बरं आहे ना?’ हो. झालं! बाप खूश.

मंडळी, हा ‘ना’ बघा. केवढासा! पण प्रश्नाच्या शेवटी येऊन बसला, की दाराला कडी लागलीच म्हणून समजा. ‘बरं आहे का?’ म्हटलं तर लेकरू एखादवेळी म्हणेल, नाही. ‘बरं आहे ना?’ म्हटल्यावर काय म्हणेल? उत्तर आपणच त्याच्या तोंडात कोंबलंय. त्यानं फक्त गिळायचं.

आणि बरं नव्हतं हो. वर्गात सगळं फाडफाड इंग्रजीत. पोरीनं एकदा धीर करून शंका विचारली, तर तिच्या उच्चारावर वर्ग हसला. त्यानंतर तो हात कधी वर गेला नाही. पहिल्याच परीक्षेत निम्मे विषय राहिले. मग ती वर्गातच जाईना, वसतिगृहाच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. आणि एका संध्याकाळी, सगळा जीव एकवटून, तिनं फोनवर सांगितलं —

‘अण्णा, मला इथं काही कळत नाही. मला न्यायला या.’

गिरणीत तेव्हा बाजरी पडली होती. तुळशीराम ओरडून म्हणाले, ‘हां हां, छान, छान! बरं आहे ना?’

 पलीकडून आवाज आला, ‘हो, अण्णा.’

रागावू नका त्यांच्यावर. त्यांना ऐकूच आलं नाही. पण ऐकू आलं नाही, तर ‘काय म्हणालीस?’ एवढं विचारायला काय लागतं?

पुढं कॉलेजात पालक मेळावा भरला. तुळशीराम इस्त्रीचा सदरा घालून, बायको सिंधूताई शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन, पहिल्या रांगेत. मंचावरून प्राचार्यांनी विचारलं, मुलं घरी मोकळेपणानं बोलतात ना? सगळं सभागृह म्हणालं, हो! काही अडचण नाही ना? नाही! टाळ्या. चहा. घरचा ‘ना’ कमी होता म्हणून कॉलेजचाही ‘ना’!

चहाच्या वेळी वर्गशिक्षिका जवळ आल्या. म्हणाल्या, ‘हर्षाली दिवाळीपासून वर्गात आलेली नाही, काका. मी तुम्हाला संध्याकाळी फोन केला होता. तुम्ही म्हणालात, छान, छान.’

तुळशीरामांच्या हातातला चहा तसाच निवला. दोघं लेकीच्या खोलीवर गेले. सिंधूताईंनी लेकीला पोटाशी धरलं, तर हाताला नुसती हाडं लागली. लाडवांचा डबा न उघडताच ते तिला घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी वीज आली, दळणाची रांग लागली. तुळशीरामांनी चालू गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा थांबला. लोक आपापली पिशवी धरून बघत राहिले. तुळशीराम गिरणीच्या कोपऱ्यात बसलेल्या लेकीसमोर पोत्यावर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, ‘हर्षे, काय होतंय तुला? मी ऐकतोय.’

‘ना’ नाही, काही नाही. आयुष्यातला पहिला उघडा प्रश्न.

पोरीनं बापाकडं पाहिलं. ‘बरंय ना, अण्णा,’ ती म्हणाली. ‘सगळं बरंय.’

मंडळी, बापाचा ‘ना’ लेकीच्या ओठावर जाऊन बसला होता. तो काही केल्या उतरेना. आजही तुळशीराम संध्याकाळी गिरणी बंद ठेवून तिच्याजवळ बसतात. गिऱ्हाईक शेजारच्या गावाला जातं. ती अजून मनातलं बोललेली नाही.

त्या पांडुरंगाकडं बघा. आपण त्याच्यापुढं काय काय बोलतो! त्यानं कधी विचारलं, ‘बरं आहे ना?’ हात कमरेवर, ओठ मिटलेले, नुसता उभा. म्हणून तर जे बापाला सांगत नाही, ते त्याला सांगतो. पण अहो, लेकरानं सगळं देवालाच सांगायचं, तर घरात आपण कशाला आहोत?

आता मी ‘समजलं ना?’ असं विचारणार नाही. तुम्ही ‘हो’च म्हणाल.

खांबाजवळचे बाबा, उठा, पुढं या. इथं माझ्याशेजारी बसा. तुमचा नातू शहरात शिकायला आहे म्हणे. कसा आहे तो? सावकाश सांगा. या बघा, चिपळ्या मी खाली ठेवल्या.