निम्मं लाकूड

रेनो: बाई, एकच ओंडका उचलतो. आतून ओला आहे का कोरडा, एवढंच बघायचंय.

बाई: हात लावायचा नाही. तिसरीत होतास तसाच आहेस, रेनो. जे नको म्हटलं, नेमकं तिकडेच बोट.

रेनो: मला काय हौस आहे? लाकूड बँकेचा नियमच आहे. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं तिथे जायचं, लाकडाची रास बघायची, कमी असली तर गाडी रिकामी करायची. गाडी तुमच्या फाटकात उभी आहे.

बाई: इथे म्हातारं माणूस कोण?

रेनो: कागदावर लिहिलंय ते सांगितलं.

बाई: चौऱ्याऐंशी म्हणजे काही म्हातारपण नव्हे. आणि ही बघ रास. खिडकीच्याही वर गेलीय. गाडी वळव आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे ने.

रेनो: रास देखणी आहे. जरा जास्तच देखणी आहे. जानेवारी संपत आला, बाहेर उणे वीस, आणि एक ओंडका जागचा हललेला नाही. तुम्ही चूल पेटवता का नुसत्या तिच्यासमोर बसून राहता?

बाई: काटकसर करते.

रेनो: बरं. मग हा मधला…

(रेनो एक ओंडका ओढतो. समोरची अख्खी रांग सावकाश खाली बसते.)

रेनो: बाई, मागे बटाट्याची रिकामी पिंपं आहेत.

बाई: दिसतायत मला.

रेनो: पिंपांवर ताडपत्री, ताडपत्रीपुढे एक रांग लाकूड. पंधरा दिवसांचंसुद्धा नाही हे. ही तर कॉपी झाली. भूगोलात मी जरा शेजारच्या पाटीत डोकावलो तर तुम्ही मला आठवडाभर फळा पुसायला लावला होतात.

बाई: ही कॉपी नाही, ही तपासणीची तयारी आहे. शाळातपासनीस यायचे त्या दिवशी मी हुशार मुलं पुढच्या बाकांवर बसवायची. तपासनीस मागच्या बाकापर्यंत कधी जात नाही. चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

रेनो: म्हणजे मी कायम मागच्या बाकावर होतो, ते…

बाई: तू उंच होतास. चल आत, ओठ निळे पडलेत तुझे. बूट दारातच काढ. कुट्टूची धिरडी घालते, तव्यावरून थेट ताटात. लोणी स्वतः लावून घे.

रेनो: धिरड्यांनी माझं तोंड बंद होणार नाही. ऑक्टोबरात सहा कॉर्ड, म्हणजे माझ्या तीन गाड्या भरतील एवढं लाकूड होतं तुमच्याकडे. मी आणि तुमच्या मुलाने, गिलनेच रचलं. माझी कंबर अजून सांगते. ते गेलं कुठे?

बाई: तूच सांग. एका चुलीला सहा कॉर्ड अख्खा हिवाळा पुरतं. दोन चुली पेटवल्या तर किती पुरेल?

रेनो: अर्धा हिवाळा.

बाई: शाब्बास. हे तिसरीत जमलं असतं तर तुझ्या आईच्या निम्म्या मेणबत्त्या वाचल्या असत्या चर्चमधल्या.

रेनो: दुसरी चूल कशाला? एकटं माणूस तुम्ही.

बाई: मागच्या खोलीतली. शाळेची बस मुलांना तीन वाजता नाक्यावर सोडते. आईबापांची गिरणीतली पाळी सुटते सहाला. तीन तास ती पोरं कुठे जातात, कधी विचार केलास? आणि वादळ आलं, शाळा बंद झाली, तर दिवसभर. गिरणी काही बंद होत नाही.

रेनो: इथे येतात?

बाई: सहा जण. मोजे सुकत घालतात, खातात, पाढे म्हणतात. तुझी नात जोसेटसुद्धा.

रेनो: जोसेट? सून म्हणाली होती, ती कुठल्याशा शिकवणीला जाते.

बाई: मग खोटं काय बोलली? तिला आठाचा पाढा येतो. तुला येतो?

रेनो: …धिरडी छान झालीत.

बाई: मला वाटलंच.

रेनो: बाई, अहो मग प्रश्नच मिटला. बाहेर गाडी भरलेली आहे. सुकं मेपल आहे, दोन वर्षांचं. आत्ता उतरवतो.

बाई: नाही. त्या बँकेला लाकूड देणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिल्या वर्षापासून आहे. घेणाऱ्यांच्या यादीत ते जायचं नाही.

रेनो: मग त्या पिंपांपुढे देखावा कोणासाठी मांडला होता? माझ्यासाठी?

बाई: तुला फसवायला एवढी मेहनत कशाला घेऊ? गिलसाठी. शनिवारी दोन फेब्रुवारी.

रेनो: कँडलमस, चर्चचा मेणबत्त्यांचा सण. अर्धा हिवाळा सरला.

बाई: आणि त्या दिवशी निम्मं लाकूड उरलेलं असलं पाहिजे. माझ्या सासऱ्यांपासून सगळ्यांचा हाच हिशेब. निम्मं नसेल तर त्या घराने वसंताची आशा धरू नये. थँक्सगिव्हिंगला मी गिलला शब्द दिलाय. कँडलमसला तो येणार, रास बघणार. निम्मी असली तर मी इथेच. नसली तर बॅग भरून बँगोर शहरात, त्याच्याकडे. तिसरा मजला, भिंतीत बटण. दाबलं की ऊब.

रेनो: त्यात वाईट काय आहे म्हणा.

बाई: बँगोरमध्ये तीन वाजता माझ्या दारात कोण येणार?

रेनो: हं.

बाई: तू दुसरं धिरडं घे.

रेनो: थांबा हं, खिशात एक कागद होता. ग्रामसभेने मला दिलेला, महिनाभर घेऊन फिरतोय. या मागच्या रस्त्यावर एक ऊबघर हवंय त्यांना. वादळात वीज गेली, कोणाची घर तापवायची भट्टी बंद पडली, तर जायला एक तापलेली जागा. गावातलं सभागृह इथून चौदा मैल, आणि रस्ता आधी बंद होतो. कोणी तयार होईना.

बाई: बरं मग?

रेनो: मग काही नाही. ऊबघराला लागेल तेवढं लाकूड बँक पुरवते. मदत म्हणून नाही. ऊबघर चालवणारा मदत देणाऱ्यांच्या यादीत असतो.

बाई: रेनो, हे तुला आत्ता सुचलं?

रेनो: मागच्या बाकावर बसलं की विचार करायला वेळ मिळतो.

बाई: वाच तो कागद. पण उत्तरं खरीच लिहायची.

रेनो: हे पिंपांच्या मालकीणबाई सांगतायत.

बाई: वाच.

रेनो: ‘गेल्या महिन्यात जागेचा लाभ किती जणांनी घेतला?’

बाई: सहा मुलं. टपालवाला दोनदा, त्याच्या बोटांना मुंग्या येत होत्या म्हणून. आणि आज तू. आठ.

रेनो: ‘खाण्यापिण्याची सोय?’

बाई: ताटात बघ आणि लिही.

रेनो: ‘संडास?’

बाई: आहे. जोसेट आत गेली की अर्धा तास नाही, असंही लिही.

रेनो: ‘दार कोणासाठीही बंद ठेवता येणार नाही.’ हा प्रश्न नाही, अट आहे.

बाई: बरोबरच आहे.

रेनो: कोणासाठीही, बाई. म्हणजे या रस्त्यावरच्या डेल्फीन उलेटसाठीसुद्धा. तिची तेलाची भट्टी मागच्या वर्षी दोनदा बंद पडली. कोट घालून झोपली म्हणे.

बाई: ती यायची नाही. एकोणीस वर्षांत या दारात आलेली नाही.

रेनो: आणि आली तर?

बाई: चर्चच्या जेवणात सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन म्हणाली होती ती, ओडीलची धिरडी म्हणजे बुटाचे तळवे.

रेनो: आली तर, बाई?

बाई: …मागच्या खोलीत बसेल. मुलांची शुद्धलेखनं तपासेल. धिरड्यांबद्दल बोलायचं नाही, हे नियमात घाल.

रेनो: ग्रामसभेच्या नियमात असं घालता येत नाही.

बाई: मग मी फळ्यावर लिहीन. पुढे?

रेनो: ‘चालकाला रोज सकाळी सात वाजता गावातून फोन येईल. तीनदा वाजूनही उचलला नाही तर माणूस पाठवला जाईल.’

बाई: सातला? मी पाचला उठलेली असते.

रेनो: तुम्ही उठल्या आहात का, हेच बघायचं असतं त्यांना.

बाई: कळलं हो. लिही, चालेल.

रेनो: आता हे जरा अवघड आहे. ‘चालक आजारी पडल्यास जबाबदारी घेणाऱ्या नातेवाईकाचं नाव. त्याची संमती आवश्यक.’

बाई: नातेवाईक एकच आहे.

रेनो: मला माहीत आहे. लावू फोन? मी बोलतो. शाळेपासूनचा मित्र आहे माझा, थोडं गोल गोल सांगतो त्याला.

बाई: गोल गोल काही सांगायचं नाही. इकडे दे फोन. तुला ऐकू येईल असा ठेवते… गिल? मी बोलतेय. बरी आहे. ऐक, राशीचं सांगायचंय.

गिल: निम्मी आहे का, आई?

बाई: निम्मी दिसते.

रेनो: बाई.

बाई: दिसत होती. पोकळ आहे ती, गिल. मागे पिंपं लावली होती मी. शनिवारी तुला फसवणार होते.

गिल: तिथे कोण आहे? रेनो?

रेनो: मी काही केलेलं नाही, गिल्या. एक ओंडका ओढला फक्त.

गिल: आई, म्हणजे खोली तयार ठेवू ना? शब्द दिलायस तू.

बाई: दिलाय. तू म्हणालास तर बॅग भरेन. पण आधी सगळं ऐकून घे. लाकूड एकटीने नाही जाळलं मी. मागच्या खोलीत सहा मुलं असतात.

गिल: आणि तू पडलीस तर? रात्री, एकटी असताना? मुलं उचलणार आहेत तुला?

बाई: तिथे पडले तर?

गिल: इथे मी आहे.

बाई: सहाला घरी येतोस तू. सकाळी आठला पडले तर दहा तास जमिनीवर. इथे सातला फोन येईल, नाही उचलला तर माणूस येईल. तीनला सहा जणं दार ठोठावतील, त्यांना तर भूक लागलेली असते. तू हिशेबात पक्का आहेस. कर.

गिल: कसला फोन? कोण करणार?

रेनो: गाव करणार. तुझ्या आईच्या घराचं ऊबघर होतंय. लाकूड बँक देणार. दोन कॉर्ड तर आत्ता फाटकात उभं आहे. आणि तू सही केलीस तरच हे सगळं, नाहीतर मी हा कागद चुलीत घालतो.

गिल: तुझ्यावर विश्वास ठेवावा असं तू मला आजवर काय सांगितलंयस, रेनो?

रेनो: काही नाही. म्हणून तर बाईंना बोलायला दिलं.

बाई: गिल, मला तुझ्याकडे यायचं नाही असं नाही. मला इथून जायचं नाही.





गिल: कळलं, आई. जबाबदारी घेणारा म्हणजे काय काय करायचं?

रेनो: तिला ताप आला तर येऊन चूल सांभाळायची. धिरडी घालायची. आठपर्यंत पाढे यायला हवेत.

गिल: आठाचा तुला अजूनही येत नाही.

रेनो: सगळ्यांना माहीत आहे वाटतं हे.

गिल: लिही माझं नाव. शनिवारी येतो आणि सही करतो. आई, ती पिंपं मी आल्यावर हलवायची, तू हात लावू नकोस.

बाई: बरं.

रेनो: लिहिलं. आता शेवटचा रकाना. ‘ऊबघर कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील?’

बाई: तीस एप्रिल.

रेनो: तीस… एप्रिल. इथे वर्षही विचारलंय, बाई.

बाई: चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला कोणी वर्ष विचारतं का? गिल, तूच सांग. काय घालू दे त्याला?

गिल: रेनो, वर्षाची जागा मोकळी सोड.