आठ दिवस पाण्यात हात घालायचा नाही

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले बँकेचे मोठे साहेब, ज्यांच्या बदलीपायी हा सगळा खटाटोप आहे ते आपले पिशवीसाहेब, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या लेकीसुनांनो, तुम्हां सर्वांना या म्हातारीचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी शाळा दुसरीपर्यंत, तेव्हा घड्याळाचं तुम्हीच बघा.

साहेबांना पिशवीसाहेब का म्हणतात, ते मोठ्या साहेबांना ठाऊक नसेल. बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र ते कापडी पिशवीतून आणायचे आणि लेकराला निजवावं तसं मांडीवर ठेवायचे. ठसा आधारशी जुळला की खातं. पाच बायकांची खाती झाली की गट, आणि गट झाला की कर्ज. आमच्या पाचांत चौघींची खाती झाली. पाचवी मी. यंत्र म्हणालं, ही बाई नाहीच.

आता मी नाही म्हणजे काय? समोर बसले होते की! पण चाळीस वर्षं काथ्याचे दोर वळले, त्यात अंगठ्याच्या रेघा गेल्या. अंगठा गुळगुळीत, गोट्यासारखा. आणि पुढच्या मंगळवारी यादी बंद होणार होती. शिवणवालीचं यंत्र, चहावालीची टपरी, सगळं माझ्या अंगठ्यापाशी अडलं. मलाही व्यापाऱ्याच्या काथ्यावर मजुरी करायची नव्हती, काथ्या स्वतःचा घ्यायचा होता. रात्री डोळ्याला डोळा नाही.

मोठे साहेब, तेव्हा तुम्हीच फोनवर म्हणालात, “म्हातारी बदला.” राग नाही. आमच्या घरातही हा विचार होऊन गेलेला आहे.

मीच म्हटलं, “बायांनो, मला वगळा, दुसरी घ्या.” तर शिवणवाली खेकसली, “आजी, गप बसा! आम्हाला कोण दारात उभं करत नव्हतं तेव्हा गट करू म्हणून पहिल्यांदा तुम्हीच आमच्या दारी आलात. आता पळता होय?”

मग पिशवीसाहेबांनी कुणाला तरी विचारून उपाय काढला. आठ दिवस पाण्यात हात घालायचा नाही, दोर वळायचा नाही, सकाळ-संध्याकाळ बोटांना तेल. रेघा परत वर येतील म्हणे.

काय सांगू! लग्नात नवरीचं एवढं कौतुक झालं नव्हतं, निदान माझं तरी. गटातल्या बायका पाळीनं पहारा द्यायच्या. मी तांब्याकडे बघितलं तरी ओरडायच्या. सून म्हणाली, “सासूबाई, तुम्ही बसा, मी आहे ना,” आणि तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरली. मग भांड्यांना कोण? आमचे मालक. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी राख कुठे असते ते पहिल्यांदा विचारलं.

मंगळवार उजाडला. अंगठा लावला. नाही. पुसून लावला. नाही. दुसरा अंगठा. तोही नाही. पिशवीसाहेबांचा चेहरा असा झाला, की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. तेवढ्यात चहावाली म्हणाली, “साहेब, बाकीची बोटं काय पाहुणी आलीत?”

खरंच की! अंगठा अंगठा करत आठ दिवस गेले, बाकीची आठ बोटं कुणाच्या ध्यानातच नाहीत. एकेक लावत गेलो. शेवटी डावी करंगळी टेकवली, आणि यंत्रावर हिरवा दिवा! जन्मात तिनं कधी काम केलं नाही, दोर वळताना बाजूला उभी राहून बघायची. सगळ्या रेघा जशाच्या तशा.

सगळ्या नाचल्या. फक्त सून विचारत होती, “मग आम्ही आठ दिवस भांडी कशासाठी घासली?” साहेब उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “वहिनी, चूक माझी.” बँकेचा माणूस चूक कबूल करतो, हे आम्ही तेव्हा पाहिलं. म्हणून आज हॉल भरलाय, नाहीतर बदल्या काय, होतच असतात.

गावात आता साठ गट आहेत. माझा काथ्या माझा आहे. मालक अजून भांडी घासतात. सवय लागली, आणि मी मोडली नाही.

तर साहेब, नव्या गावी एखाद्या म्हातारीला यंत्र ओळखेनासं झालं, तर करंगळीनं काम होतं हे तुम्हाला माहीत आहे. पण लगेच सांगू नका. आठ दिवस तिला बसू द्या.

मला उभं केलंत, ऐकून घेतलंत, उपकार झाले. कमीजास्त बोलले असेन तर अडाणी म्हणून सोडून द्या. आता बसते.