आठवर मारलेली रेघ

मला 'दोन' म्हणालात मावशी, आणि तासाभरात तिला 'आठ'? तेव्हाच खटकलं होतं मला — नाही, उठू नका, डोळ्यावरच्या पट्टीला हात लावू नका, आत्ताच उलटी झालीय ना, उशीला डोकं टेकून राहा — डॉक्टरांनाच लावतेय फोन, थिएटरमध्ये, वाजतोय नुसता, कुणी उचलत नाही. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, असं समजावून विचारलं होतं की नाही मी? दोनदा विचारलं. चांगलं मोठ्यानं विचारलं. आणि मग आली ती गोडबोली — माझी होस्टेलमधली रूम पार्टनर हो, आमच्याच नर्सिंगच्या वर्गातली, गोडबोली आपलं मीच म्हणते, मनातल्या मनात — स्टूल ओढून तुमच्या उजव्या कानाशी बसली, आणि तुम्ही आठ सांगून मोकळ्या! डाव्या कानानं तुम्हाला कमी ऐकू येतं हे मला ठाऊक नव्हतं? होतं की. कानांच्या पेपरात तिच्यापेक्षा सात मार्क जास्त आहेत मला. पण दुखण्याचे आकडे लिहायचा तुमचा कागद खाटेच्या डावीकडे अडकवलेला, म्हणून मी डावीकडे उभी. तिला 'बाळा' म्हणता तुम्ही. मला 'सिस्टर'. का हो? मी काय पोलीस आहे?

अगं बाई! — काही नाही, ट्रे पडला कुणाचातरी. दचकले मी, बघितलंत ना — बघणार कुठून म्हणा, दुखण्यानं दुसरा डोळाही मिटलेला. परत लावते.

खरं सांगू? मोठ्या सिस्टर राउंडला आल्या, कागद बघितला, माझे दोन, तिचे आठ. "हे काय गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, ती जरा वाढवूनच लिहिते, पेशंटशी लाडीगोडी करते, मग पेशंटही जास्त कण्हतात. सिस्टर हसल्या, पुढच्या खाटेकडे गेल्या. मग त्यांनी सांगितलं म्हणून मी आठवर रेघ मारली — नाही, त्यांनी नव्हतं सांगितलं. माझी मीच मारली. तिला पत्ताही नाही. तिला डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये घेऊन गेले, वर्गातल्या चौदा जणींत बरोबर तिलाच, आणि मी इथे चादरींच्या घड्या घालत — जाऊ दे.

उचला ना हो कुणीतरी! डोळ्यात दाब वाढला की आधी दुखतं, मग डोकं ठणकतं, मग उलटी, पाठ आहे मला सगळं, आणि वेळेत उतरवला नाही तर नजर — काही नाही होत मावशी, मी आपली धडा म्हणतेय. किती दुखतंय आता? थांबा, उजवीकडे येते, वायर पुरतेय. हं, सांगा. नऊ? नऊ! मग सकाळी मला दोन का सांगितलंत? — काय? हळू बोलताय, परत सांगा.

मी घाबरेन म्हणून?

डोळा तुमचा, आणि जपत होतात मला? आणि मला वाटत होतं, तुम्हाला तीच — थांबा. उचलला. हॅलो? डोळ्यांच्या वॉर्डातून बोलतेय — तू? अगं, डॉक्टरांना पाठव, लगेच, पहिल्या खाटेच्या मावशी — तुझं काही चुकलं नाही गं, पाठव आधी, माझं चुकलंय.